नॅन्सीचीं चौपन्न वर्षें

नटाची थोरवी त्यानें वठविलेल्या भूमिकांच्या संख्येवरून आणि वैविध्यावरून मोजावी, असा आपल्याकडे परिपाठ आहे. आज चारुदत्त तर उद्यां शकार, आज राजा तर उद्यां याचक. ज्याच्या पेटींत जितके अधिक वेष तितका तो मोठा नट. ही मोजपट्टी हातीं घेऊन हेलन वॅग्नर ह्या अमेरिकन अभिनेत्रीच्या आयुष्याकडे पाहूं गेल्यास पदरांत फारसें कांहीं पडणार नाहीं. २ एप्रिल १९५६ रोजीं ह्या बाईंनीं एका काल्पनिक गांवांतल्या मध्यमवर्गीय गृहिणीची भूमिका पत्करली. १ मे २०१० रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें तेव्हांही तीच भूमिका त्यांच्याकडे होती. मधले थोडे खंड वगळले, तर चौपन्न वर्षें त्या नॅन्सी ह्यूज ह्या एकाच नांवानें लोकांच्या घरीं जात-येत होत्या. दूरचित्रवाणीवर एकच भूमिका इतका दीर्घ काळ करणारी व्यक्ति म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत त्यांची नोंद झाली. परंतु विक्रम हा आंकड्यांचा मामला आहे. चौपन्न वर्षें एकाच बाईला जिवंत ठेवावयाचें म्हणजे काय करावें लागतें, हें आंकडा सांगत नाहीं.

हेलनबाई ज्या प्रकारच्या मालिकेंत काम करीत, तिला अमेरिकेंत ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. शब्दशः अर्थ करावयाचा तर साबणाचें संगीत नाटक! नांवांतच कुचेष्टा आहे. ह्या प्रकाराचें माहेर मात्र नभोवाणी. १९३० सालीं शिकागो येथील डब्ल्यूजीएन ह्या नभोवाणी-केंद्रावर ‘पेंटेड ड्रीम्स’ नांवाची दररोज पंधरा मिनिटांची श्रुतिका सुरू झाली. ती लिहिणाऱ्या अर्ना फिलिप्स ह्या पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. भर दुपारीं, पुरुषमाणसें कामावर आणि मुलें शाळेंत गेलीं असतां, घरांत एकटी उरलेली गृहिणी भांडीं घासतां घासतां किंवा कपड्यांना इस्तरी करतां करतां काय ऐकेल, ह्याचा ह्या बाईंनीं विचार केला आणि उत्तर काढलें, कीं दुसऱ्या एखाद्या घरांत काय चाललें आहे तें ती ऐकेल. ज्या घरांत साबण लागतो त्याच घरांत ही गोष्ट ऐकली जाते, हें साबणाच्या कारखानदारांच्या ध्यानीं यावयास वेळ लागला नाहीं. अशा श्रुतिकांचा खर्च ते उचलूं लागले, आणि त्यांतून हें नांव पडलें. कुचेष्टा करणारे बहुधा दुपारीं घराबाहेर असणारेच लोक होते, एवढें जातां जातां नमूद करावयास हरकत नाहीं.

नभोवाणीवर ह्या प्रकाराचा जम चांगला बसला होता. ऐकावयास कान मोकळे असले म्हणजे पुरे. हात कामांत गुंतलेले असले तरी बिघडत नाहीं. पंचाईत झाली ती चित्रवाणी आल्यावर, कारण ती डोळे मागते. चूल सोडून बाई पेटीसमोर बसणार कशी? म्हणून १९५२ सालीं फिलिप्सबाईंची ‘गायडिंग लाइट’ ही जुनी श्रुतिका चित्रवाणीवर आली, तीही पंधराच मिनिटांची. फिलिप्सबाईंचें तेवढ्यानें समाधान होईना. त्यांनीं अर्ध्या तासाच्या मालिकेचा हट्ट धरला आणि साबणाचे प्रसिद्ध कारखानदार प्रॉक्टर अँड गँबल ह्यांच्या गळीं तो उतरविला. अशा रीतीनें ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’, म्हणजे ‘जग फिरतां फिरतां’ असें जिचें नांव मराठींत सांगतां येईल, ती मालिका सीबीएस ह्या संस्थेच्या वाहिनीवर सुरू झाली. गांव ओकडेल. तें नकाशांत शोधूं नये. तें कोठेंच नाहीं. कुटुंब ह्यूज यांचें. बाप ख्रिस वकील, आई नॅन्सी, आणि डोनल्ड, पेनी व बॉब हीं मुलें.

नॅन्सीची भूमिका वांट्यास आली तेव्हां हेलनबाईंचें वय ३७ वर्षांचें होतें. त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १९१८ चा, टेक्सास प्रांतांतल्या लबक ह्या गांवचा. इलिनॉय प्रांतांतील मॉन्मथ कॉलेजांतून पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कला आल्या. गळा चांगला होता. संगीत नाटकांतून त्यांनीं कामें केलीं, आणि चित्रवाणीचें युग उजाडतांच तेथेंही पाऊल टाकलें. ‘गायडिंग लाइट’मध्यें त्या कांहीं काळ होत्या. अशा उमेदवारी करणाऱ्या गुणी नट्या न्यूयॉर्कमध्यें त्या वेळीं थोड्याथोडक्या नसतील. गाण्याचें अंग असलेल्या ह्या बाईंनीं पुढचें सारें आयुष्य ज्या भूमिकेंत घालविलें, तिच्यांत गाण्याचा संबंध मुळींच नव्हता, ही गोष्ट मात्र मनाला थोडी लागते.

पहिल्या दिवसाचा पहिला प्रवेश असा: सकाळ झाली आहे, आणि नॅन्सी आपल्या नवऱ्याला दिवसाचें पहिलें अभिवादन करते. साऱ्या मालिकेंत प्रथम उच्चारले गेलेले शब्द ते हेलनबाईंचे. पुढें न्याहारी, कॉफी, मुलांची चौकशी. खून नाहीं, दरोडा नाहीं, नाट्य म्हणावें असें कांहींच नाहीं. ही संथ चाल फिलिप्सबाईंनीं जाणूनबुजून पत्करलेली होती. आपल्या घरीं तरी दुसरें काय होतें? मोठमोठ्या गोष्टी घडतात त्या सवडीनें घडतात, आणि त्या घडल्याचें कळतें तें बहुधा स्वयंपाकघरांत, कोणी तरी पेला विसळीत असतांना.

तें दिसावयास जितकें साधें, तितकें करावयास कठीण होतें. ही मालिका १९७५ पर्यंत थेट प्रक्षेपित होत असे. आधीं चित्रित करून ठेवावें, चुकल्यास पुन्हां घ्यावें, अशी सोय नव्हती. सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास. म्हणजे वर्षाकांठीं सुमारें अडीचशें प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगाची संहिता नवी. रंगभूमीवरचा नट एकच नाटक शंभरदां करतो. प्रत्येक खेपेस थोडा थोडा सुधारत जातो. येथें शंभर प्रयोग म्हणजे शंभर नाटकें. आज दुपारचें काम संपलें कीं उद्यांचें पाठ करावयाचें. शब्द विसरला तर विसरला. देशभरचे डोळे लागलेले असतांना तेथल्या तेथें निभावून न्यावयाचें.

पहिल्या सहा महिन्यांतच बाईंच्या नोकरीवर गदा आली. कारण ऐकून हंसूं येईल. नॅन्सी ज्या तऱ्हेनें कॉफी ओतीत असे, ती तऱ्हा फिलिप्सबाईंना पसंत नव्हती! हेलनबाईंना काढून टाकण्यांत आलें. पुढें लवकरच फिलिप्सबाईंचें मन वळलें आणि हेलनबाई परत आल्या. ही हकीकत त्या स्वतःच पुढें सांगत असत. वरवर पाहतां हा लेखिकेचा लहरीपणा, आणि फिलिप्सबाई लहरी म्हणून प्रसिद्धही होत्या. परंतु ज्या मालिकेंत रोज कॉफीच ओतली जाणार आहे, तिच्यांत ती कशी ओतली जाते ही क्षुल्लक गोष्ट कशी म्हणावी? आपल्या घरांतल्या जाणत्या बायका नव्या सुनेनें पीठ कसें मळलें एवढ्यावरून तिचें माहेर ओळखतात. फिलिप्सबाईंच्या डोळ्यांपुढें त्यांची स्वतःची अशी एक नॅन्सी असावी, आणि ती कॉफी निराळी ओतीत असावी. ह्या तंट्यांत अखेर टिकली ती हेलनबाईंचीच नॅन्सी.

ही नॅन्सी होती कशी? ती सत्त्वशील होती, प्रेमळ होती, आणि बऱ्यापैकीं लुडबुडी होती. मुलांचीं लग्नें तिला विचारून झालीं नाहींत आणि न विचारतां झालेलीं तिला पटलीं नाहींत. धाकट्या बॉबनें लिसा नांवाच्या एका महत्त्वाकांक्षी पोरीशीं घरच्यांना न कळवितां लग्न केलें. तें पुढें मोडलें. परंतु लिसा कांहीं मालिकेंतून हालली नाहीं. १९६० पासून लिसाचें काम करणाऱ्या आयलीन फुल्टन ह्या नटीविषयीं प्रेक्षकांना एवढा राग, कीं एका बाईनें भर रस्त्यांत तिच्या थोबाडींत मारली, असें ती नटी सांगत असे. खलनायिकेला चपराक मिळते. ती एक प्रकारची पावतीच. सालस आईच्या वांट्याला ती पावतीही नाहीं.

हेलनबाईंच्या कलेचें मर्म येथेंच आहे. आईच्या भूमिकेंत स्वतःच्या अशा घटना फारशा नसतात. घटना मुलांच्या आयुष्यांत घडतात. आई त्या ऐकते. म्हणजे बोलणाऱ्याचें काम दुसऱ्याला, आणि ऐकण्याचें काम हिला. रंगभूमीवर ऐकणाऱ्या पात्राकडे तिसऱ्या रांगेपलीकडून कोणी पाहत नाहीं. चित्रवाणीचा कॅमेरा मात्र चेहऱ्याच्या अगदीं जवळ येतो. मुलगा खोटें बोलतो आहे हें आईला कळलें आहे, पण कळल्याचें तिला दाखवावयाचें नाहीं, आणि प्रेक्षकाला तर दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. हें एकही शब्द हातीं नसतांना करून दाखवावें लागतें. हेलनबाई ह्या श्रवणाच्या अभिनयांत तरबेज झाल्या. १९५८ पासून १९७८ पर्यंत, म्हणजे सलग वीस वर्षें, दुपारच्या मालिकांत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती.

श्रोतेहो, २२ नोव्हेंबर १९६३ ह्या दिवसाची हकीकत अमेरिकेच्या इतिहासांत आहे, आणि हेलनबाईंचा चेहरा त्या इतिहासाच्या काठावर, चमत्कारिक रीतीनें, कायमचा उमटून राहिला आहे. न्यूयॉर्कच्या घड्याळांत दुपारचा दीड वाजला होता. नेहमीप्रमाणें मालिका सुरू झाली. आणि नेमक्या त्याच वेळीं दूर डॅलस शहरांत राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इकडे नॅन्सी आपल्या वृद्ध सासऱ्याशीं बोलत होती. सासऱ्याचें काम सँटोस ऑर्टेगा हे करीत. विषय काय? तर बॉबनें आपल्या घटस्फोटित बायकोला, त्याच त्या लिसाला, येत्या सणाच्या जेवणाला बोलाविलें आहे, हा. एक वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास हें बोलणें अकस्मात् तुटलें. पडद्यावर वार्तापत्राची पाटी आली आणि वॉल्टर क्रॉन्काइट ह्या वृत्तनिवेदकाचा आवाज ऐकूं आला. त्यांचा चेहरा दिसला नाहीं, कारण बातमीच्या कक्षांतला कॅमेरा तापून तयार व्हावयास त्या काळीं बराच वेळ लागत असे. गोळीबाराची बातमी झाली. मग थोडा वेळ पुन्हां मालिका, आणि पुन्हां तोच आवाज.

स्टुडिओंतल्या नटांना ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. घराघरांतून बायका हातांतलें काम टाकून उभ्या राहिल्या असतील, शेजारणीला हांका मारीत असतील. आणि नॅन्सी मात्र लिसाच्या येण्याविषयीं आपली नापसंती सासऱ्याच्या कानांवर घालीतच होती. जें कोणीच पाहत नव्हतें, तें काम दोघेंही नट मन लावून करीत होते. मधल्या विश्रांतींत त्यांना खरें काय तें कळलें. पुढच्या काळांत ह्या प्रसंगाच्या जुन्या चित्रफिती असंख्य वेळां दाखविल्या गेल्या. राष्ट्राचें चित्त ज्या क्षणीं दुभंगलें त्या क्षणाच्या आधींचें शेवटचें साधें, निर्वेध आयुष्य म्हणून लोकांना आठवतें तें नॅन्सीचें तें सणाच्या जेवणाविषयींचें बोलणें.

काळ पालटत गेला. १९७३ सालीं फिलिप्सबाई वारल्या. १९७५ अखेर मालिका एक तासाची झाली आणि थेट प्रक्षेपणाची प्रथा संपली. लेखक आले, गेले. नव्या चालकांना तरुण प्रेक्षक हवा होता. तरुण प्रेक्षकाला तरुण पात्रें हवींत असा त्यांचा समज. आणि त्या हिशेबांत साठीपुढच्या बाईला उरलें काय, तर लग्नांत अक्षता टाकावयास आणि मयताला डोळे पुसावयास येणें. वार्धक्याची ही उपेक्षा त्या धंद्यांतच आहे असें नव्हे, पण तेथें ती पडद्यावर सगळ्यांना दिसते. १९८१ सालीं हेलनबाई मालिकेंतून बाहेर पडल्या. पंचवीस वर्षांचें बस्तान होतें; वर्षाकांठीं चार वेळां तोंड दाखवून वेतन घेत राहतां आलें असतें. नॅन्सीला कांहीं करावयाचें नसेल तर नॅन्सी असूंच नये, असा त्यांच्या ह्या जाण्याचा अर्थ दिसतो. ह्या शांत बाईंच्या अंगीं कणखरपणा किती होता, हें दाखविणारी दुसरी कोणतीही गोष्ट इतकी बोलकी नाहीं.

१९८५ त त्या परतल्या. दुसऱ्याच वर्षीं, १९८६ त, ख्रिसचें काम पहिल्या दिवसापासून करीत आलेले डॉन मॅक्लॉलिन हे नट वारले. तीस वर्षें नवरा-बायकोचें काम केलेला जोडीदार गेला. मग कथेंतही ख्रिसचा मृत्यु घडविण्यांत आला, आणि नॅन्सीला वैधव्य आलें. त्या प्रवेशांत नॅन्सीचें दुःख कोठें संपतें आणि हेलनबाईंचें कोठें सुरू होतें, हें प्रेक्षकांनीं कसें सांगावें? पुढें मालिकेंत नॅन्सीनें उतारवयांत दुसरा विवाह केला. ह्या दुसऱ्या पतीला स्मृतिभ्रंशाचा, ज्याला अल्झायमर म्हणतात तो, विकार जडला. आपलें माणूस समोर बसलेलें आहे आणि तें आपल्याला ओळखत नाहीं, हें दुखणें घराघरांत आहे, पण त्याविषयीं चारचौघांत बोललें जात नसे. लेखकांनीं तो विषय हातीं घेतला हें त्यांचें भूषण. आणि तो पेलावयास त्यांच्यापाशीं नॅन्सी होती हें त्यांचें भाग्य. ज्या बाईचा संसार प्रेक्षकांनीं तीस वर्षें पाहिला होता, तिची ही परवड पाहतांना त्यांना निराळी ओळख करून देण्याची गरजच पडली नाहीं.

दीर्घ मालिकेंत एक अडचण असते. लिहिणारे बदलतात, आणि नव्या लेखकाला वीस वर्षांपूर्वींचा प्रसंग ठाऊक नसतो. प्रेक्षकाला मात्र तो पक्का ठाऊक असतो. आणि ज्या नटानें तो प्रसंग केला त्यालाही. त्यामुळें कुटुंबाची स्मृति कागदावर न राहतां नटाच्या अंगांत राहते. नॅन्सी अमुक एका बातमीनें दचकेल कीं गप्प बसेल, हें नव्या लेखकापेक्षां हेलनबाईंना अधिक कळावें हें ओघानेंच आलें. आपल्या जुन्या घरांतून एखादी आजी असते. तिच्या हातीं सत्ता फारशी नसते. पण कोणाची सोयरीक कोठली, कोणत्या सणाला काय रांधावयाचें, हें तिलाच विचारावें लागतें. नव्वदीकडे झुकलेली नॅन्सी ओकडेलमध्यें तशी उरली होती.

मानसन्मान उशिरां आले. २००४ सालीं दिवसाच्या कार्यक्रमांसाठीं दिलें जाणारें एमी पारितोषिक, जीवनगौरव म्हणून, त्यांना इतर कांहीं ज्येष्ठ कलावंतांसमवेत मिळालें. तोंवर ह्या साऱ्या व्यवसायालाच ओहोटी लागली होती. दुपारीं घरीं असणारी ती गृहिणी आतां कचेरींत होती. वाहिन्या शेंकडों झाल्या होत्या, आणि जाहिरातींचा पैसा दुसरीकडे वाहूं लागला होता. ज्या कारखानदारांनीं हा प्रकार वाढविला, त्यांनाच आतां तो परवडेना. डिसेंबर २००९ मध्यें सीबीएसनें मालिका बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. हेलनबाई तेव्हां ९१ वर्षांच्या होत्या आणि अजून काम करीत होत्या.

मालिकेचा अंत पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १ मे २०१० रोजीं त्या गेल्या. नॅन्सीचें काम दुसऱ्या कोणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षींच्या ऑगस्टअखेर मालिकेंतही नॅन्सीचा मृत्यु झाल्याचें दाखविलें, आणि ओकडेलचीं सारीं माणसें तिच्यासाठीं एकत्र आलीं. जी लिसा नॅन्सीला कधीं मनापासून सून वाटली नाहीं, ती वठविणाऱ्या आयलीन फुल्टन ह्याही मालिकेच्या अखेरपर्यंत तेथें होत्या.

१७ सप्टेंबर २०१० रोजीं मालिकेचा शेवटचा भाग झाला. तो १३,८५८ वा होता. १९६० पासून बॉबचें काम करणारे डॉन हेस्टिंग्ज तोंवर पंच्याहत्तरी ओलांडून गेले होते. शेवटच्या प्रवेशांत वृद्ध डॉक्टर बॉब ह्यूज आपली इस्पितळांतील खोली आवरतात, निघतांना वळून पाहतात आणि रात्रीचा निरोप घेऊन दार ओढून घेतात. चौपन्न वर्षांपूर्वीं ह्या मालिकेंतले पहिले शब्द नॅन्सीचे होते, सकाळचे. शेवटचे तिच्या मुलाचे झाले. त्या वेळीं हेलनबाईंना जाऊन साडेचार महिने झाले होते.